स्ट्रॉबेरीचे मदर प्लांट बाहेरून मागवताना: परवाना, फायटो, पीईक्यू

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई पट्ट्यात अमेरिकेतून नाहीतर युरोपातून मदर प्लांट येतात. पावसाळाभर ते रनर (जमिनीवर सरपटणारे फुटवे) सोडतात आणि सप्टेंबरच्या सुमाराला त्यांची रोपं शेतात जातात. बहुतेक जण विक्रेत्याकडूनच घेतात. यंदा सहा शेतकऱ्यांच्या गटाने ५०,००० मदर थेट मागवायचं घाटतंय. नेटवर माहिती खूप आहे, पण ती एकतर डाळीच्या आयातीची, नाहीतर शोभेच्या झाडांची.

प्रश्न असे: कागदपत्रांचा क्रम काय? माल विमानतळावर कशामुळे अडकतो? आणि ते पीईक्यू (पोस्ट-एन्ट्री क्वारंटाइन, म्हणजे आलेली रोपं वेगळ्या बंदिस्त जागेत वाढवून बघणं) म्हणजे नेमकं काय करून दाखवायचं असतं? सहाही जणांनी आपापल्या शेतात वाटून लावली तर चालतं का?

बंदरबाबू

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गटांची गाडी तिथेच रुतते.

आयात परवाना एका आयातदाराच्या नावावर निघतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे गटाला आधी एक नाव ठरवावं लागेल, मग ती शेतकरी कंपनी असो, भागीदारी असो, नाहीतर सहापैकी एक जण. आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), परवाना, इनव्हॉइस, फायटो (तिकडच्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र), एअरवे बिल (विमानाच्या मालाची पावती), बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद) या सगळ्यांवर तेच नाव आणि तोच पत्ता, अक्षर न् अक्षर. एका कागदावर 'ट्रेडर्स' आणि दुसऱ्यावर 'अॅग्रो' असलं की शीतपेट्या शेडमध्ये आणि तुम्ही खिडकीसमोर.

आता क्रम. नियम आहे वनस्पती संगरोध (भारतातील आयातीचे नियमन) आदेश, २००३. मूळ कायदा १९१४ चा. अंमलबजावणी फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे.

सर्वात आधी त्या आदेशाच्या अनुसूची बघा. चौथी म्हणजे बंदी असलेले. पाचवी म्हणजे फक्त ठराविक संस्थांनाच आणता येणारे. सहावीत लागवडीचं साहित्य जादा अटींसह, सातवीत खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी येणारा माल. तुमचं काम सहावीशी. तिथे नुसतं 'स्ट्रॉबेरी' बघून थांबू नका, स्ट्रॉबेरी + रोपं + तो देश अशी पूर्ण ओळ सापडली पाहिजे. अमेरिकेची ओळ असली म्हणून शेजारच्या देशाचा माल चालत नाही. जी जोडी यादीतच नाही, तिच्यासाठी आधी कीड-जोखमीचं विश्लेषण होतं आणि मग ती यादीत येते. त्या वाटेला लागलात तर यंदाचा हंगाम विसरा.

ओळ सापडली की पीईक्यूची जागा तयार करून तपासणी प्राधिकाऱ्याकडून तिची मान्यता घ्यायची. ते प्रमाणपत्र परवान्याच्या अर्जाला जोडायचं. परवाना हातात आला की त्याची प्रत निर्यातदाराला पाठवायची, आणि मगच त्याने माल भरायचा. 'माल निघाला आहे, परवाना वाटेत मिळेल' हा प्रकार लागवडीच्या साहित्यात चालत नाही.

सहा शेतांत वाटायचं असेल तर सहाही जागांना मान्यता लागेल. एकच जागा घ्या, तिथे सगळे मदर लावा, आणि मोकळीक मिळाल्यावर रनरची रोपं वाटा.

कृष्णाकाठ

बाबूसाहेब, आभार. एचएस कोडबद्दल (कस्टमचा मालाच्या वर्गवारीचा नंबर) एक शंका. कोटेशनमध्ये ०६०२२० टाकलंय, बरोबर आहे का?

बंदरबाबू

०६०२२० म्हणजे खाण्याजोगी फळं किंवा कवचफळं देणारी झाडं आणि झुडपं. स्ट्रॉबेरी ना झाड ना झुडूप. ती ०६०२९० खाली जाते. युरोपच्या यादीत तर भाजीपाल्याच्या आणि स्ट्रॉबेरीच्या रोपांना ०६०२९०३० अशी वेगळी ओळच आहे. कोड चुकला तर ड्युटी आणि आयात धोरणाची अट दोन्ही बदलू शकतात, म्हणून आत्ताच दुरुस्त करून घ्या.

फायटोवाले

फायटोबद्दल लिहितो. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट हे निर्यातदार देशाच्या सरकारी वनस्पती संरक्षण यंत्रणेने दिलेलं असतं. नर्सरीने आपल्या लेटरहेडवर 'आमची रोपं सर्टिफाइड व्हायरस-फ्री आहेत' असं लिहून दिलं तर ते छान आहे, पण तो फायटो नव्हे.

त्यात बघायच्या गोष्टी:

वनस्पतीचं शास्त्रीय नाव. स्ट्रॉबेरीचं फ्रॅगारिया × अनानासा. नुसतं व्यापारी वाणाचं नाव पुरत नाही.

जादा घोषणा, म्हणजे ज्याला सगळे 'एडी' म्हणतात. सहाव्या अनुसूचीत आणि परवान्यावर ज्या ज्या किडी-रोगांची नावं आहेत, त्या प्रत्येकापासून माल मुक्त असल्याचं फायटोवर लिहून आलं पाहिजे. 'सर्व हानिकारक किडींपासून मुक्त' असं एक ढोबळ वाक्य त्याची जागा घेत नाही. परवान्यावर आठ नावं आणि फायटोवर सात, हा सर्वात नेहमीचा घोळ. आठवं नाव बहुधा एखाद्या विषाणूचं असतं, जे तिकडच्या टंकलेखकाला पुढच्या ओळीत दिसलंच नाही.

प्रक्रियेचा रकाना. परवान्यात रसायन किंवा उष्ण प्रक्रिया मागितली असेल तर तिथे औषध, मात्रा, वेळ, तापमान आणि तारीख हवी. नुसतं 'ट्रीटेड' लिहिलं तर काहीच कळत नाही.

आणि तारीख. तपासणी माल निघण्याआधीच व्हायला हवी. फायटो एअरवे बिलाच्या नंतरच्या तारखेचा असेल तर अधिकारी विचारणारच, तपासलं काय, रिकामं गोदाम?

उपाय साधा आहे. निर्यातदाराकडून फायटोचा मसुदा आधी मागवा आणि परवाना शेजारी ठेवून बोट ठेवत वाचा. सही झाल्यावर दुरुस्ती म्हणजे नवा फायटो, आणि तोवर रोपं इकडे वितळत असतात.

लालमाती

सगळं ठीक आहे, पण मूळ मुद्द्यालाच हात घालतो. एवढं करून उपयोग काय? लष्करी अळी आली ना २०१८ साली? टोमॅटो पोखरणारी टुटा अळी आली २०१४ ला. पपईचा पिठ्या ढेकूण आला. गाजरगवत तर कधीचं आलंय. अळीच्या पतंगाला कोण फायटो विचारतं? शेवटी नियम लागतात ते कागद घेऊन सरळ मार्गाने येणाऱ्यालाच.

किडेमकोडे

लालमाती, यातली काही उदाहरणं तुमच्या बाजूची आहेत, काही नाहीत. सगळी एका टोपलीत घालू नका.

अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) आफ्रिकेत २०१६ ला सापडली, भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा भागात, आणि त्याच वर्षी आपल्याकडे सोलापूर पट्ट्यात मक्यावर. तिचा पतंग रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. अशा किडीला विमानतळावरचा निरीक्षक फारसं काही करू शकत नाही, मान्य. तिथे उपयोग होतो तो लवकर ओळखण्याचा.

पण नारळाचा, पपईचा, कसाव्याचा पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड बघा. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंखच नसतात. तान्ही पिल्लं वाऱ्याने शेजारच्या शेतात जातील, समुद्र ओलांडायचा तर रोप, कलम, फळ असं काहीतरी लागतं, आणि ते माणूसच आणतो. पपईचा पिठ्या ढेकूण (पॅराकोकस मार्जिनॅटस) २००८ च्या आसपास कोइम्बतूर भागात दिसला, पुढे महाराष्ट्रातही पपई आणि तुतीवर पोचला. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना. अखेर २०१० मध्ये पोर्तो रिकोहून अॅसेरोफॅगस पपाई ही इवलीशी परोपजीवी माशी आणली, तेव्हा तो बसला. ती माशीसुद्धा परवाना काढून, क्वारंटाइनमध्ये ठेवून, तपासूनच सोडली. त्याच दारातून.

आणि जे आलं नाही ते तुम्ही मोजत नाही. मेक्सिकन बोंड-सोंड्या (अँथोनोमस ग्रँडिस) अमेरिकेच्या कापसाचा काळ ठरला. अमेरिकन कापसाच्या गाठी मुंबई बंदरात धुरी दिल्याशिवाय आत घ्यायच्या नाहीत असा हुकूम १९०६ चा आहे, म्हणजे १९१४ च्या कायद्याच्याही आधीचा. भारतात तो सोंड्या आजतागायत नाही. सगळं श्रेय त्या धुरीला देता येणार नाही, पण जगाच्या दुसऱ्या टोकाची, उडत येऊ न शकणारी कीड अडवायची तर ती अशीच.

लालमाती

सोंड्याचं माहीत नव्हतं. पण टुटा?

किडेमकोडे

टुटा अॅब्सोल्युटा मूळची दक्षिण अमेरिकेतली. २००६ च्या सुमाराला स्पेनमध्ये उतरली, तिथून भूमध्य समुद्राभोवती फिरत आठ वर्षांत पुण्याच्या टोमॅटोवर. ती टोमॅटोची फळं, क्रेट, रोपं यांच्यासोबत फिरते आणि स्वतः उडतेही. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना टोमॅटोचा पट्टा सलग असेल तर क्वारंटाइन फक्त वेळ वाढवून देतं. पण आठ वर्षं हाही मोठा वेळ आहे. तेवढ्यात कामगंध सापळे आणि त्यांतले ल्युअर (पतंगाला ओढणारी गंधाची गोळी) तयार ठेवता आले असते. ते कितपत झालं हा वेगळा धागा होईल.

गव्हाळ

+१. याच चर्चेत गव्हाचा करपा (व्हीट ब्लास्ट) घ्या. ब्राझीलमध्ये १९८५ मध्ये सापडला, तीसेक वर्षं दक्षिण अमेरिकेतच होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये एकदम बांगलादेशात. बुरशीच्या जनुकांची जुळणी थेट दक्षिण अमेरिकी वंशाशी झाली, म्हणजे वारा नव्हे, धान्याबरोबर आलेली. त्यानंतर आपण पश्चिम बंगालमध्ये सीमेलगतच्या ५ किलोमीटर पट्ट्यात गहूच लावायचा नाही असं ठरवलं. एका जहाजाची किंमत शेजारच्या देशातल्या शेतकऱ्यांनी मोजली.

ठिपकेवाली

स्ट्रॉबेरीकडे परत येते. विमानतळावर काय सापडतं आणि काय सापडत नाही, हे गटातल्या सगळ्यांना आधी कळू द्या. नाहीतर माल सुटला म्हणजे माल स्वच्छ, अशी समजूत होते.

मदर येतात ते सुप्तावस्थेतले, पानं जवळपास काढलेली, मुळं उघडी. म्हणजे पानावर दिसणारे रोग त्या दिवशी दिसणारच नाहीत.

*कोनीय पानठिपका (झँथोमोनास फ्रॅगारी).* स्ट्रॉबेरीचा हा जिवाणू रोपांबरोबरच प्रवास करतो. पानाच्या खालच्या बाजूला, बारीक शिरांनी अडवलेले, पाणी शोषल्यासारखे कोनीय ठिपके पडतात. ओळखायची युक्ती अशी: पान उजेडासमोर धरा. ठिपका तेलकट कागदासारखा पारदर्शक, पिवळसर दिसतो. वरून बघितलं तर पान कितीतरी दिवस हिरवंच वाटतं. पहाटे दव असताना ठिपक्यावर चिकट स्राव येतो, उन्हात वाळला की पापुद्रा चकाकतो. हा जिवाणू खोडक्यातही (क्राउनमध्ये) बसतो, त्यामुळे पान तोडून सुटका नाही. तांब्याच्या फवारणीने वेग कमी होतो, रोप बरं होत नाही.

*लाल मुळी (फायटोफ्थोरा फ्रॅगारी).* संशय आला तर मुळी नखाने उभी सोला. बाहेरची साल पांढरी आणि आतली मधली शीर विटकरी लाल, हीच खूण. बारीक केसमुळं गळून मुळं उंदराच्या शेपटीसारखी होतात. थंड, पाणी धरणाऱ्या जमिनीचा हा रोग. एकदा मातीत गेला की त्याचे जाड कवचाचे बीजाणू वर्षानुवर्षं राहतात. महाबळेश्वरची हवा त्याला अनोळखी वाटणार नाही.

*पानातले सूत्रकृमी (अॅफेलेंकॉइडिस फ्रॅगारी).* हे खोडक्यातल्या कोवळ्या पानांच्या घडीत असतात. कोंब चिरून जाळीवर, खाली पाण्याची नळी, २४ तासांनी तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. भिंगाने नाही दिसायचे.

*निओपेस्टॅलोशिऑप्सिस (ही एक बुरशी).* २०१७ पासून फ्लोरिडाच्या स्ट्रॉबेरीत याने उच्छाद मांडला आणि तिथला माग नर्सरीतून आलेल्या रोपांपर्यंत गेला. तपकिरी डाग, त्यावर काळे टिंब. तुमचा पुरवठादार कुठल्या नर्सरीतून रोपं घेतो, त्या नर्सरीचा गेल्या दोन हंगामांचा इतिहास काय, हे लेखी विचारा.

आता नमुन्याचं गणित. समजा मालात १ टक्का रोपं रोगट आहेत, आणि ९५ टक्के खात्रीने त्यातलं किमान एक तरी हाती लागायला हवं. तर सुमारे ३०० रोपं तपासावी लागतात. तीही तपासणीत रोगट रोप शंभर टक्के ओळखू येतं असं धरून. दहातली आठच ओळखू आली तर ३७५. प्रादुर्भाव ०.१ टक्का असेल तर ३,००० रोपं. गंमत म्हणजे माल २०,००० असो की दोन लाख, हा आकडा जवळपास तोच राहतो. 'दोन टक्के नमुना घेतला' वगैरे बोलण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आणि ५०,००० च्या १ टक्का म्हणजे ५०० मदर. एका मदरपासून २५ रनर धरले तर १२,५०० रोपं रोगट आईची. त्यात तुषार सिंचन असेल तर शेजारच्या वाफ्यांचं विचारूच नका.

कृष्णाकाठ

ताई, हे वाचून झोप उडाली. मग फायटोला काय अर्थ राहिला?

ठिपकेवाली

फायटो आणि विमानतळावरची तपासणी मिळून उघड गोष्टी थांबवतात: माती, जिवंत किडे, कुजकी मुळं, चुकीचं पीक, नको तो देश. लपलेला रोग बाहेर येतो तो रोप वाढताना, आणि वाढू द्यायची जागा म्हणजे पीईक्यू. माझ्या मते संपूर्ण साखळीतलं खरं दार तेच आहे. दुर्दैवाने बहुतेक आयातदार त्याला 'परवान्यासाठी उभारायची जाळी' समजतात.

जाळीदार

जाळीवर लिहायची संधी सोडत नाही.

दुकानात '४० मेश', '५० मेश' सांगतात. त्याचा अर्थ एका इंचात तितके धागे. इंच २५.४ मि.मी. ४० ने भागलं की ०.६३५. त्यातून धाग्याची जाडी, साधारण ०.२२, वजा केली की भोक उरलं ०.४१ मि.मी. ५० मेशला २५.४ ÷ ५० = ०.५१, वजा ०.२२, म्हणजे ०.२९.

आता समोर कोण आहे ते बघा. नागअळीची माशी अडवायला भोक ०.६४ मि.मी. पर्यंत चालतं. माव्याला ०.३४. पांढऱ्या माशीला ०.२४. फुलकिड्याला ०.१९. म्हणजे ४० मेशची जाळी नागअळीपुरती ठीक, मावा तिच्यातून आरामात जाणार. स्ट्रॉबेरीत मावा म्हणजे विषाणूंची टपाल सेवा. किमान ५० मेश घ्या. फुलकिडे थांबवायचे असतील तर त्याहून बारीक.

बाजारात ५० × २४ अशी आयताकृती भोकांचीही जाळी मिळते. तिथे अरुंद बाजू मोजायची. खिशात २०x भिंग आणि मि.मी. पट्टी असली की विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

बारीक जाळीचा तोटा म्हणजे हवा. तीच खिडकी, पण वारा निम्मा. वाईच्या मे महिन्यात आत भट्टी होईल. म्हणून जाळीचं क्षेत्र वाढवा, चारही बाजू आणि माथ्याची झडप धरून, किंवा पंखा बसवा. पंखा आत ढकलणारा, गाळलेली हवा घेणारा असावा. बाहेर ओढणारा बसवलात तर प्रत्येक फटीतून किडे आत खेचले जातील.

दोन दारं, मध्ये किमान दीड मीटर मोकळी जागा, दोन्ही एकाच वेळी उघडणार नाहीत अशी सोय. आत गडद रंग आणि पिवळे चिकट सापळे. पायधुणी, वेगळा कोट, वेगळ्या कात्र्या. जमिनीवर सरळ वाफे करू नका. खाली पॉलिथीन, वर बेंच किंवा पिशव्या, निर्जंतुक माध्यम. पाणी ठिबकने, वरून नाही. ठिपक्याचा जिवाणू थेंबाच्या उडण्यावरच पसरतो.

निचऱ्याचं पाणी बाहेरच्या ओढ्यात सोडलं तर सगळ्या जाळीचा काही उपयोग नाही. शोषखड्डा करा आणि त्यावर काही लावू नका.

कृष्णाकाठ

जाळीदार, ५०,००० बेंचवर बसणार नाहीत. जागा फार लागेल.

जाळीदार

पहिल्या वर्षी ५०,००० मागवू नका, हे त्याचं उत्तर. जेवढी मान्यताप्राप्त जागा तेवढाच माल. परवान्यावर रोपांची संख्या असते आणि मान्यता देणारा अधिकारी जागा मोजतो. जागा ८,००० ची आणि अर्ज ५०,००० चा असेल तर तो प्रश्न विचारेलच.

आणि माल आला की लॉटप्रमाणे गट पाडा. प्रत्येक पेटीवर नर्सरीचा लॉट नंबर असतो, तो बेंचच्या पाटीवर लिहा. एका लॉटमध्ये ठिपका सापडला तर बाकीचे वाचवायला तेवढाच आधार असतो. पाट्या नसतील तर सगळंच जाळायला लागतं.

हिमपेटी

वाहतुकीचा भाग कुणी घेतला नाही.

थंड साठवणीतली (फ्रिगो) रोपं तिकडे उणे १.५ ते उणे २ अंशांवर ठेवलेली असतात. एकदा ती वितळली की पुन्हा गोठवायची नाहीत. विमानाने आलेली पेटी मे महिन्यात धक्क्यावर पडली तर आतली रोपं स्वतःच्या श्वसनानेच तापतात, पिशवीत घाम धरतो आणि दोन दिवसांत करड्या बुरशीची लव येते. मग निरीक्षकाला जे दिसतं त्यातलं किती मूळचं आणि किती वाटेतलं, ते कळत नाही.

म्हणून: सुट्ट्यांची यादी बघून विमान ठरवा. शुक्रवारी रात्री उतरणारा माल म्हणजे सोमवारची तपासणी. लागवडीचं साहित्य देशातल्या कुठल्याही विमानतळावर उतरवता येत नाही, आदेशात दिलेल्या ठराविक ठिकाणीच ते येतं. तुमच्यासाठी मुंबई. शेडमध्ये शीतकक्षाची जागा आधी बुक करा. प्रत्येक पॅलेटच्या मधल्या पेटीत तापमान नोंदणारं यंत्र टाका, कडेच्या पेटीत नाही. उद्या दाव्याची वेळ आली तर तोच पुरावा.

पेटीत पॅकिंगला गवत, पेंढा नको. तसं वनस्पतिजन्य पॅकिंग आदेशात चालत नाही. मुळांना माती तर मुळीच नको. ट्रेमधली प्लग रोपं स्वस्त वाटतात, पण त्यांच्या मुळाभोवतीच्या माध्यमाचा प्रश्न उभा राहतो. धुतलेली, उघड्या मुळांची रोपं घ्या.

बंदरबाबू

हिमपेटींच्या यादीत लाकडी पॅलेट जोडा. त्यावर आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का हवा: गव्हाच्या लोंबीची खूण, देशाचा कोड, उत्पादकाचा नंबर आणि प्रक्रियेचं अक्षर. 'एचटी' म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, २१ अंश किंवा त्यावर ४८ ग्रॅम प्रति घनमीटर, २४ तास. गार हवेत मात्रा वाढते, १० अंशांच्या खाली करायचीच नाही. ६ मि.मी. किंवा त्याहून पातळ लाकडाला सूट. रोपं निर्मळ आणि पॅलेटच्या सालीखाली भुंगेऱ्याची अळी, अशी गत नको.

लालमाती

तिकडेच गॅस मारून मदर पाठवले तर? सगळी कटकट एका झटक्यात.

किडेमकोडे

मिथाइल ब्रोमाइड धान्याला, लाकडाला ठीक. डाळीसाठी ३२ ग्रॅम प्रति घनमीटर, २४ तास, हे ठरलेलं आहे. ते घेऊन न आलेल्या डाळीला इथे धुरी आणि तपासणी शुल्क पाचपट, असा मार्गही वापरला गेला. पण जिवंत रोपाला तो गॅस झेपेलच असं नाही. आणि झेपला तरी तो किड्याला मारतो, खोडक्यातल्या जिवाणूला नाही.

रोपांवर काम चालू आहे ते वाफेवर. हवा मिसळलेल्या वाफेत आधी ३७ अंशांवर एक तास, म्हणजे रोप सोसायला तयार होतं, आणि मग ४४ अंशांवर चार तास. फ्लोरिडात स्ट्रॉबेरीच्या रोपांवरच्या बुरशी आणि कोनीय ठिपक्यासाठी हेच तपासलं आहे. पहिला तास गाळला तर रोपांना उष्णता सोसत नाही. तापमान वर गेलं तरी इजा होते. घरच्या बॉयलरवर करून बघू नका.

डबलिनची_माई

अवांतर: हे उलट बाजूनेही लागू आहे, म्हणून लिहिते. भारतातून येताना बॅगेत कढीपत्त्याची डहाळी, तुळशीचं रोप, आंब्याची कोय असं काही ना काही असतं. कढीपत्ता लिंबू वर्गातला आहे. लिंबावरचा सिट्रस सिला त्याच्यावर राहतो, आणि तो किडा हिरवळ रोग (ग्रीनिंग) वाहतो, म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर ताजा कढीपत्ता सरळ कचऱ्यात जातो. हापूसवर २०१४ च्या मे पासून युरोपने बंदी घातली ती फळमाशीमुळे, आणि उठली ती २०१५ मध्ये. अमेरिकेला जाणारा आंबा वाशी, लासलगावसारख्या केंद्रावर ४०० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) विकिरण घेऊनच निघतो. आपला माल तिकडे तपासतात तेव्हा तो जाच वाटतो आणि तिकडची रोपं इकडे आणताना नियम किचकट वाटतात. दोन्हीकडे किडा तोच विचार करतो.

नवा_बागायतदार

अवांतरात एक विचारतो. थायलंडहून ड्रॅगन फ्रूटचे चार कटिंग बॅगेत आणले तर? खाण्याला नाही, लावायलाच. चारच आहेत.

फायटोवाले

नाही. लागवडीचं साहित्य 'चारच' असं मोजत नाहीत. परवाना नाही, फायटो नाही, पीईक्यू नाही, म्हणजे जप्त. वर गव्हाळांनी सांगितलंय ना, करपा जहाजभर धान्यातून आला असेल, पण एक रोगट कटिंगही पुरतं. टपालाने येणाऱ्या बियांचंही तेच. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये न मागवलेली बियांची पाकिटं अमेरिकेत घरोघर पोचली, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानेही इशारा काढला होता. तसं पाकीट आलं तर न उघडता, न पेरता कृषी खात्याला द्या. कचऱ्यात टाकू नका, उकिरड्यावर ते उगवतं.

कृष्णाकाठ

गटाची बैठक झाली. पहिल्या वर्षी ८,००० मदर, एक जागा, ५० मेश, बेंचवर. एकच शंका: पीईक्यूची मुदत पुरी व्हायच्या आत रनर सुटायला लागतील. ते तोडून फेकायचे की आतच रुजवायचे?

ठिपकेवाली

आत रुजवता येतात, बाहेर नेता येत नाहीत. परवान्यावरची मुदत आणि अंतिम मोकळीक मदरला आहे तशीच तिच्या रनरलाही आहे. रुजवताना एका मदरचे रनर तिच्याच ट्रेमध्ये, तोच लॉट नंबर. दर आठवड्याला प्रत्येक ट्रेमधली तीन-चार खालची पानं सकाळी नऊच्या आत उजेडासमोर धरायची, तारखेसह वहीत नोंद. संशयित पान सापडलं तर ते खुडून हातात घेऊन फिरू नका, पूर्ण रोप पिशवीत घालून पिशवी तिथेच बांधा आणि तपासणी प्राधिकाऱ्याला कळवा. प्रयोगशाळेला पाठवायची पानं ओल्या कागदात नको, कोरड्या टिपकागदात. ओल्यात दोन दिवसांत दुसरेच जिवाणू वाढतात आणि अहवाल बिनकामाचा येतो.

आणि सप्टेंबरच्या लागवडीची आगाऊ बुकिंग या ८,००० च्या भरवशावर घेऊ नका. यंदाची रोपं नेहमीच्या ठिकाणाहून घ्या, आणि ती या जाळीपासून लांब लावा.

जाळीदार

आणि जाळीचा रोल आला की उभारण्याआधी उजेडात पसरून बघा. शिवणीच्या कडेला शिलाईच्या सुईची भोकं असतात, मि.मी. भराची. त्यावर आतून पट्टी शिवून घ्या.